जुन्या पिकअपचा लाकडी हौदा: मुंबईच्या हवेत टिकेल असा

जुन्या पिकअपच्या हौद्याला पहिल्यांदा हात घालणाऱ्याला गंज आधी दिसतो. पत्र्याला पडलेली भोकं, हाताला न फिरणारे बोल्ट, दाबलं की भुगा होणाऱ्या फळ्या. हे सगळं दुरुस्त होतं. मुंबईत अवघड भाग असतो तो हौदा नवा झाल्यानंतरचा. डिसेंबरात एकमेकींना चिकटवून घट्ट बसवलेल्या फळ्या जुलैत फुगतात, शेजारणीला रेटतात, मधून उचलल्या जातात आणि कधी कडेच्या पत्र्यालाही बाक आणतात. त्यामुळे पुढचा जवळजवळ प्रत्येक सल्ला दोन गोष्टींसाठी आहे: लाकडाला हलायला जागा हवी आणि पाण्याला खाली जायला वाट हवी. चकाकी त्यानंतर.

हौदा कारखान्याचा की इथला?

मुंबईचं या गाड्यांशी जुनं नातं आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला जोडणीचा कारखाना काढला आणि शेव्हर्लेच्या मोटारी व ट्रक १९५४ पर्यंत तिथे जोडले जात होते. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून डॉज आणि फार्गो जोडायला घेतले. पण आपल्याकडे व्यापारी गाडी घेताना पुष्कळदा फक्त चॅसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, आणि पुढचा भाग घेतला जाई, मागचा हौदा इथले सुतार-लोहार बांधून देत. म्हणून गाडीखाली आडवं झोपून आधी हे ठरवा.

कारखान्याच्या हौद्यात खाली पत्र्याचे दाबून काढलेले आडवे बीम असतात. त्यांच्यावर लांबीच्या दिशेने फळ्या आणि दोन फळ्यांच्या सांध्यावर लोखंडी पट्टी. पट्टीतल्या चौकोनी भोकातून गोल डोक्याचा कॅरेज बोल्ट खाली जातो. इथे बांधलेल्या हौद्यात आडवे आधारही बहुधा लाकडीच, फळ्या जाड, पट्ट्या कमी किंवा अजिबात नाहीत, आणि खिळ्यांचा वापर सढळ.

इथला हौदा निघाला म्हणून नाराज होऊ नका आणि तो मोडून परदेशी नमुन्याचा बांधायची घाई करू नका. त्या गाडीने इथे जी वर्षं काढली त्यांची तीच खूण आहे, आणि असे हौदे आता फार उरलेले नाहीत. माझं मत विचाराल तर तो होता तसाच पुन्हा उभा करावा. खालच्या पायऱ्या कारखान्याच्या बांधणीला धरून लिहिल्या आहेत, पण लाकूड, फटी आणि लेप यांचे नियम दोन्हींना सारखेच लागू पडतात.

खोलण्याआधी

फोटो काढा, भरपूर काढा, खालूनही. हौद्याची आतली लांबी-रुंदी, प्रत्येक फळीची रुंदी, फटींची रुंदी आणि बोल्टांची अंतरं कागदावर उतरवा. दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर हौदा तिरका झालाय, आणि नव्या फळ्या घालूनही तो तिरकाच राहील. आत्ताच लिहून ठेवा.

मापं बदलू नका. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले. त्यांत ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी ही अट आहे. हे नियम मुख्यतः खासगी वापराच्या गाड्यांसाठी लिहिलेले आहेत. तुमच्या पिकअपची नोंद मालवाहू म्हणून असेल तर काम काढण्याआधी आरटीओत चौकशी करा.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम करणार असाल तर कमिटीला आधी सांगा. ग्राइंडरचा आवाज आणि सागाचा भुसा दोन्ही शेजाऱ्यांना नकोसे होतात. लाकूड कापण्या-रंधण्याचं काम सॉ मिलमध्येच करून आणलं तर पार्किंगमध्ये फक्त बसवणं उरतं, आणि ते शांत काम आहे.

खोलणं

काही गाड्यांत पेट्रोलची टाकी हौद्याखाली असते. तुमच्या गाडीत तशी असेल तर ती रिकामी करून काढून ठेवा, मगच ग्राइंडर किंवा गॅस जवळ आणा. बॅटरीही सोडवा.

बोल्टांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर राहू द्या. तरी निम्मे बोल्ट सुटणार नाहीत. कॅरेज बोल्टच्या डोक्याखाली चौकोनी मान असते आणि ती पट्टीच्या चौकोनी भोकात अडकते म्हणून बोल्ट जागच्या जागी फिरत नाही. भोक गंजून गोल झालं की पाना लावताच सगळा बोल्ट फिरायला लागतो. त्याच्याशी झटू नका. खालून नट उभा कापून टाका. डोकं कापू नका, कारण ग्राइंडर पट्टीला लागतो, आणि मूळ पट्टी वाचवता आली तर वाचवायची आहे.

फळ्या निघतील तशा खडूने आकडे घाला, डावीकडून उजवीकडे. कितीही सडलेली असली तरी निदान एक फळी अख्खी जपून ठेवा. कडेची खाच किती खोल आणि किती रुंद, हे सुताराला तोंडी सांगण्यापेक्षा तुकडा हातात दिलेला बरा. जुना रंग खरवडताना मास्क लावा आणि कागद ओला करून घासा, जुन्या रंगांत शिसं असण्याचा संभव मोठा असतो.

खालचं लोखंड

फळी ज्या जागी बीमला टेकते तिथे पाणी साचून राहतं, म्हणून बीम वरून गंजतात. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने टोचून पाहा. टोक आत गेलं तर तेवढा भाग कापून त्याच जाडीचा पत्रा वेल्ड करावा लागेल. पातळ झालेल्या बीमवर नुसता रंग चढवून पुढे जाऊ नका, अख्ख्या हौद्याचा भार त्याच्यावर आहे.

वायर ब्रश किंवा सँडब्लास्टिंगने गंज उतरवला की त्याच दिवशी प्राइमर लावा. आपल्या खाऱ्या, दमट हवेत उघडं लोखंड दोन दिवसांत पुन्हा तांबूस होतं, आणि गिरगाव, वरळी, माहीम अशा किनाऱ्यालगतच्या भागात त्याहून लवकर. रेड ऑक्साइड चालतो, इपॉक्सी प्राइमर जास्त टिकतो. बीमच्या आतल्या पोकळीत ब्रश जात नाही, तिथे स्प्रे करा. गाडीच्या चॅसीवर हौदा टेकतो त्या जागचे रबर आणि लाकडी ठोकळेही आत्ताच बदला, नंतर तिथे हात जाणार नाही.

कडेचे पत्रे, फाळका आणि त्याच्या साखळ्या हे डेंटर-पेंटरचं काम. ते फळ्या बसण्यापूर्वी उरकून घ्या.

लाकूड घेताना

इथे वेळ घालवा. अमेरिकेत या गाड्यांना पाइन किंवा ओक वापरत. मुंबईत ओक शोधत फिरण्यात अर्थ नाही. साग मिळतो, आणि उघड्यावरच्या कामाला तो ओकपेक्षा सरस आहे. सागात नैसर्गिक तेल असतं, वाळवी त्याच्या गाभ्याला सहज लागत नाही, आणि हवेतल्या ओलाव्याने तो ओकपेक्षा बराच कमी फुगतो.

रे रोडला दारूखान्याच्या बाजूला लाकडाच्या वखारी आहेत. तिथे सागाची बलसाड, सीपी (जुना मध्य प्रांत), बर्मा अशी जागेवरून पडलेली नावं ऐकू येतील, शिवाय आफ्रिकेतून आलेला सागही असतो. हौद्यासाठी नावापेक्षा फळी पाहा. रंग एकसारखा तपकिरी हवा. कडेला पांढुरका पट्टा दिसला तर तो बाहेरचा कोवळा भाग, त्याला कीड लागते, तो कापून टाकावा लागेल आणि पैसे मात्र पूर्ण मोजावे लागतील. गाठी लहान आणि घट्ट असतील तर चालतील, हलणाऱ्या नकोत.

मग फळीचं टोक पाहा. तिथे झाडाच्या वाढीच्या रेघा दिसतात. त्या उभ्या असतील तर फळी उत्तम, आडव्या कमानीसारख्या असतील तर ती जास्त हलेल आणि वाकेल. उभ्या रेघांची फळी रुंदीत साधारण निम्मीच फुगते. सगळ्या तशा मिळणार नाहीत, पण ढिगातून निवडू दिलं तर निवडा. चांगले वखारवाले निवडू देतात.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो: पाडलेल्या चाळींचं सागवान. मुंबईत जुन्या इमारती पडतात तेव्हा तुळया, कैच्या आणि दारांच्या चौकटी जुन्या मालाच्या बाजारात येतात. जोगेश्वरीच्या ओशिवरा भागातही असं लाकूड मिळतं. कित्येक दशकं वाळलेलं हे लाकूड आता फारसं पिळत नाही आणि त्याची घनता हाताला कळते. अडचण एकच, आत खिळे असतात. तुळई आऱ्याखाली घालण्यापूर्वी चारी बाजूंनी लोहचुंबक फिरवा आणि सापडलेला प्रत्येक खिळा उपटा, नाहीतर मिलवाला खराब झालेल्या पात्याचे पैसे घेऊन तुम्हाला परत पाठवेल.

किती घ्यायचं? १९४७ नंतरच्या अर्ध्या टनी शेव्हर्ले पिकअपचा हौदा साधारण साडेसहा फूट लांब आणि ५० इंच रुंद असतो. आठ फळ्या धरल्या तर प्रत्येक सहा इंचाच्या आसपास, आणि तयार जाडी सहा सूत, म्हणजे पाऊण इंच. रंधण्यात जाडी जाते, म्हणून आठ सुताचा कच्चा माल सात फूट लांब आणि साडेसहा इंच रुंद घ्या. एक फळी जास्तीची. एकूण जवळपास तीन घनफूट होतं. तुमच्या गाडीची मापं वेगळी असतील तर हाच हिशेब पुन्हा मांडा.

लाकूड घरी आणल्यावर लगेच रंधायला नेऊ नका. जमिनीपासून उंच, दर दोन फुटांवर सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून एकावर एक रचा, वर वजन ठेवा आणि काही आठवडे सावलीत, वाऱ्यावर राहू द्या. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते घ्याच. हिवाळ्यात काटा १२ टक्क्यांच्या जवळ येऊन स्थिरावला की लाकूड तयार. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढावं. जूनमध्ये गाडी खोलून बसलात तर लाकूडही वाळत नाही आणि व्हार्निशही.

फटींचा हिशेब

पावसाळ्यात उघड्यावरच्या लाकडाचा ओलावा १८ टक्क्यांपर्यंत चढू शकतो. सहा इंच रुंदीची, आडव्या रेघांची सागाची फळी १२ वरून १८ टक्क्यांवर गेली की रुंदीत दीड मिलिमीटरच्या आसपास वाढते. एका फळीचं काही वाटत नाही. आठ फळ्यांचं मिळून जवळजवळ अर्धा इंच होतं. एवढी वाढ कुठेतरी जाणारच. लांबीत मात्र लाकूड जवळपास वाढत नाही, तिथे दोन-तीन मिलिमीटर सोडले की पुरे.

मूळ बांधणीत याची सोय आधीच आहे. बोल्ट फळीतून न जाता दोन फळ्यांमधल्या फटीतून खाली उतरतो. पट्टी वरून दोन्ही कडा दाबून धरते आणि फळी तिच्याखाली मोकळी सरकते. पट्टीची रुंदी सव्वा इंच, बोल्ट अडीच सुती, म्हणजे आठ मिलिमीटरचा असेल, तर हिवाळ्यात बसवताना दोन फळ्यांत तीन सुतांची, साडेनऊ मिलिमीटरची फट ठेवा. पावसाळ्यात फळ्या फुगल्या की फट बोल्टाइतकीच उरते, आणि फळी पट्टीखाली दोन्हीकडे तीन सुतांहून अधिक दबलेली असते, त्यामुळे हिवाळ्यातही कड उघडी पडत नाही. नाइलाजाने ऑगस्टमध्ये बसवावं लागलं तर फट बोल्टापेक्षा केसभरच जास्त ठेवा, कारण लाकूड आधीच फुगलेलं आहे.

कडेची खाच फळीच्या वरच्या अंगाला, पट्टी बसेल एवढी. पट्टी लाकडाच्या पातळीपेक्षा किंचित वर राहिली पाहिजे, म्हणजे पेटी ओढताना ती लोखंडावरून सरकते आणि लाकूड खरवडत नाही. खाच राऊटरने (लाकडात खाच कोरणाऱ्या यंत्राने) किंवा मिलमध्ये मारून घ्या. आधी टाकाऊ तुकड्यावर मारून त्यावर पट्टी ठेवून बघा, मगच चांगल्या फळीला हात लावा.

हौदा चॅसीला धरणारे मोठे बोल्ट काही गाड्यांत फळीतून जातात. तिथे फळीतलं भोक रुंदीच्या दिशेने लांबट करा आणि वर रुंद वायसर घाला.

पट्ट्या आणि बोल्ट

जुन्या पट्ट्या सरळ करून वापरता आल्या तर उत्तम. नव्या हव्या असतील तर पत्रा बेंडिंगवाल्याकडे मूळ पट्टीचा तुकडा नमुना म्हणून द्या आणि भोकं चौकोनीच पाडून घ्या. स्टेनलेसच्या पट्ट्या मुंबईत शहाणपणाच्या, पण त्या साध्या लोखंडाला जिथे टेकतात तिथे ओलाव्यात साधं लोखंड आधी गंजतं. मध्ये रंगाचा जाड थर आणि नायलॉनचा वायसर घाला.

कॅरेज बोल्ट नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात मिळतात. जुन्या गाडीवर नट-बोल्टांचे आटे इंचाच्या मापाचे आहेत हे लक्षात ठेवा. अडीच सुतात अमेरिकन आणि इंग्लिश दोन्ही आट्यांची संख्या इंचाला १८च आहे, पण त्यांचा कोन वेगळा, ६० आणि ५५ अंश. नट चढतो, फिरतो आणि ताण आला की आटे खातो. म्हणून बोल्ट आणि नट एकाच जोडीचे घ्या, जुने-नवे मिसळू नका.

लेप

कामाच्या गाडीच्या फळ्या कारखान्यातून रंग लावून निघत. आज दिसणारं चकचकीत व्हार्निश ही नंतरच्या शौकिनांची आवड. दोन्ही योग्यच. गाडी रस्त्यावर उन्हात उभी राहणार असेल तर मी काळा रंगच सुचवेन. रंग ऊन पूर्ण अडवतो, व्हार्निश अर्धवट. सागाचा रंग दिसायला हवाच असेल तर बोटींसाठीचं, उन्हापासून संरक्षण देणारं व्हार्निश घ्या. फ्रेंच पॉलिश आणि मेलामाइन घरातल्या फर्निचरसाठी आहेत, पावसात पांढरी पडतात. नुसतं बेल तेल (जवसाचं तेल) लावलं तर आपल्या पावसाळ्यात त्याच्यावर बुरशी धरते.

क्रम असा. फळ्या घासून गुळगुळीत करा. सागाची बारीक धूळ घशाला आणि कातडीला त्रास देते, मास्क लावा. मग थिनरमध्ये बुडवलेल्या फडक्याने पुसा आणि तासाभरात पहिला हात द्या. सागाचं तेल पृष्ठभागावर असेल तर व्हार्निश नीट वाळत नाही, म्हणून हे पुसणं टाळू नका. पहिला हात पातळ करून, लाकडात मुरेल असा. त्यावर चार पूर्ण हात, प्रत्येकाच्या मध्ये हलकं घासून.

फळी बसवण्याआधी तिच्या सहाही बाजूंना लेप लागला पाहिजे: खालची बाजू, खाचा, भोकांच्या आतल्या कडा, आणि सर्वांत जास्त दोन्ही टोकं. टोकांतून लाकूड पाणी ओढतं ते स्ट्रॉने ओढल्यासारखं, तिथे एक-दोन हात जास्तीचे द्या. फक्त वरून चमकवलेली फळी खालून ओलावा घेते, दोन बाजू असमान फुगतात आणि ती वाकते.

तेलाने किंवा व्हार्निशने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाचं फडकं ढिगात आपोआप तापून पेट घेऊ शकतं. ती उघड्यावर सुटी पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत टाका.

बसवणं

बीमवर फळी जिथे टेकेल तिथे रबराची पातळ पट्टी चिकटवा. त्याने लाकूड लोखंडापासून वेगळं राहतं आणि कुरकुर होत नाही. पट्टी बीमच्या रुंदीपेक्षा थोडी अरुंद ठेवा, नाहीतर तिच्या कडेला पाणी अडेल.

आधी सगळ्या फळ्या आणि पट्ट्या नुसत्या मांडून बघा. फटींसाठी तीन सुती लाकडाचे तुकडे मध्ये घाला. मधल्या पट्टीपासून सुरुवात करून दोन्ही बाजूंना जा, म्हणजे काही फरक उरला तर तो दोन्ही कडांत सारखा वाटला जातो. सगळे बोल्ट हाताने लावा, कर्ण पुन्हा मोजा, दोन्ही सारखे आले की मग आवळा. नट वायसरला बसला की त्यापुढे अर्धा फेरा. त्याहून आवळलंत तर पट्टी फळीत रुतते, फळीचं सरकणं थांबतं आणि ती पावसाळ्यात तडकते. नट सैल पडू नये म्हणून आत नायलॉनची कडी असलेला नट वापरा, जोराची भरपाई त्याने होते.

फटींमध्ये सिलिकॉन भरू नका. पाणी आत येऊ नये म्हणून भरावंसं वाटतं, पण पाणी येणारच. त्याला त्याच फटीतून खाली जायचं आहे.

पहिलं वर्ष

प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली गाडी महिनोन्महिने झाकून ठेवली तर आत वाफ धरते आणि पावसापेक्षा जास्त नुकसान होतं. झाकायचंच तर कॅनव्हास घ्या आणि तो मधोमध उंच राहील, कडेने वारा जाईल असा टाका. रस्त्याकडेच्या पर्जन्यवृक्षाखाली गाडी लागत असेल तर पानं फटींत बसून ओली राहतात. दर आठवड्याला मऊ ब्रशने झाडा.

पावसाळा संपला की, ऑक्टोबरच्या उन्हात, सगळे नट तपासा. फळ्या आकसल्यावर काही सैल वाटतील, त्यांना पाव फेरा द्या. जानेवारीत पट्ट्यांच्या कडा पाहा. एखादी फळी पट्टीखालून बाहेर डोकावत असेल तर दोन्ही बाजूंचे बोल्ट सैल करून ती जागेवर सरकवा. व्हार्निश जिथे निस्तेज दिसेल तिथे पांढरट पापुद्रा सुटण्याची वाट न पाहता हलकं घासून एक हात द्या. पापुद्रा सुटला की मग त्या फळीचं सगळं व्हार्निश लाकडापर्यंत उतरवावं लागतं.